केरबाला ऐकू येत नव्हतं

पुसेगावच्या जत्रेत तिसऱ्या रात्री
आम्ही फ्रान्सचा मुका सिनेमा लावला.
दोन आणे जमीन, चार आणे बाक,
बायकांसाठी मध्ये कनात.
बाहेर खिल्लारांची घुंगरं, आत डायनामोची घरघर,
आणि थंडी अशी की बाबालालची बोटं
पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून घसरायची.

मी सांगणारा.
पडद्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर उभा, हातात वेताची छडी.
मधून मधून अक्षरं यायची, फ्रेंच.
शेटना ती वाचता येत नव्हती, मला येत नव्हती,
ज्यानं मुंबईहून डबे पाठवले त्यालाही येत नसावीत.
म्हणून तर मी मोकळा होतो.

मला दिसलं ते एवढंच:
कोट असलेलं एक शहर, बाहेर वेढा,
चिलखतातली माणसं, बरगड्या मोजाव्यात अशी घोडी,
एक पोरगेलासा सरदार आणि त्याची आई.
बाकीचं मी भरायचो.
कऱ्हाडला त्याला वचनासाठी लढवला,
रहिमतपूरला जमिनीच्या तुकड्यासाठी.
रहिमतपुरात टाळ्या जास्त पडल्या.

केरबा शिंगटे अगदी पुढं, खाली बसलेला,
गुडघ्यांवर घोंगडं.
मोठ्या लढाईत खेचरांच्या तुकडीत होता म्हणे.
तोफेनं दोन्ही कान नेले,
मग एक अख्खा हिवाळा
तिकडच्या कुठल्याशा गावात, एका बाईच्या गोठ्यात
आजारी जनावरांपाशी काढला,
आणि तिची भाषा शिकला.
न ऐकता.
नुसती ओठांवरून.

तटावर सरदारानं हात उभारला.
मी छाती भरून घेतली,
"गड्यांनो, पाठ दाखवाल तर आईच्या दुधाला—"
"न्हाई," केरबा म्हणाला.
बहिऱ्या माणसाचा आवाज, माप नसलेला.
सगळा तंबू वळला.
"त्यो म्हंतोय, बूट चावतोय."

मी छडी आपटली. त्याला ती कुठून ऐकू जायची.

मग तो थांबेचना.
मरता मरता शिपाई विचारत होता, जेवायला कधी सोडणार.
तहाचा कागद घेऊन आलेला म्हातारा
चिकटवलेल्या दाढीवर वैतागला होता.
दोन वैरी तलवारीत तलवार अडकवून, नाकाला नाक लावून
घोड्यांच्या भाड्याचं बोलत होते.
बाबालालनं वाजवणं सोडलं.
शेट गल्ला टाकून आत आले
आणि तेही हसले.

चौथ्या रिळात पोरगा पडतो.
बर्फ पडतं; मिठाचं असेल, कागदाचं असेल.
आई तटाखाली येते, त्याचं डोकं मांडीवर घेते
आणि बोलते.
खूप वेळ बोलते.
मी काही म्हटलं नाही. मला कोण विचारत होतं?
कनात बोटभर बाजूला करून बायकासुद्धा
केरबाकडं बघत होत्या.

केरबा पडद्याकडं.
त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते,
एक अक्षर मागं,
गर्दीत आईचा पदर धरून पोर चालतं तसे.

"आरं काय म्हंतीया ती?" कुणीतरी खांदा हलवला.
त्यानं घोंगडं गळ्यापर्यंत ओढलं.
"काय न्हाई. थंडी लई हाय म्हंती."

पहाटे खुंट्या उपटताना तो मला दिसला,
दुसऱ्याच कुणाच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा.
मी त्याच्यासमोर गेलो,
तोंड मोठं उघडून, एकेक शब्द फोडून विचारलं,
खरं सांग, काय म्हणत होती?

तो माझ्या ओठांकडं बघत राहिला.
"तू लई मोठं तोंड करतोस," म्हणाला.
"बाई बारीक बोलायची."

पुढचा खेळ औंधला.
चौथ्या रिळाला मी छडी खाली ठेवली
आणि स्टुलावरून उतरलो.
मागून कुणीतरी ओरडलं, "सांगणारा झोपला काय रं?"
शेटनी त्या आठवड्याचे आठ आणे कापले.